ह्युंदाई आय२० ला १५ मिमीचे व्हील स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये घालायच्या चकत्या) लावू का? नट-स्टड तेच चालतील?

स्पेसर लावता येतील, पण स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, जुनेच ठेवून मुळीच नाही. या गाडीचे स्टड १२ मिमीचे, दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी. नट किमान आठ फेरे तरी चढायला हवा. मध्ये १५ मिमीची चकती आली की तेवढे आटे उरत नाहीत. १५ मिमी जास्त लांबीचे स्टड बसवून घ्या. स्पेसरचं मधलं भोक हबवर नेमकं, म्हणजे ५४.१ मिमीचं हवं, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. स्वस्तातल्या चकत्या इथेच फसवतात. हबवरचा गंज घासून काढा, नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. एवढं करूनही बेअरिंगवरचा ताण वाढतोच, आणि न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.