आमच्या चर्चमध्ये पुढच्या महिन्यात मिशनरी कुटुंब येणार आहे. मंडळीने त्यांचे आभार कसे मानावेत?

शाल सोडून काहीही द्या.

माझे आईपप्पा गुजरातच्या डांग जिल्ह्यात, आहव्याच्या पुढच्या पाड्यांवर मिशनरी होते. मे महिन्यात आम्ही नगर, नाशिक, पुण्याच्या मंडळ्यांना भेटी द्यायचो. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. डांगच्या पावसात शालींना बुरशी धरते. आई त्या गोधडीच्या आत घालून शिवायची.

एका रविवारचं सांगते. जुनं दगडी चर्च, गावाचं नाव घेत नाही. पप्पांना वीस मिनिटं बोलायला मिळतील असं पत्रात कळवलं होतं. आधी कमिटीतल्या झाडून सगळ्यांना हार, मग देणगीदारांना, मग सेक्रेटरींनी करून दिलेला पाहुण्यांचा परिचय, त्यात आमच्या पाड्याचं नावही चुकीचं. पप्पांच्या वाट्याला शेवटचं गीत आणि आशीर्वाद यांच्या मधली पाच मिनिटं आली. ज्यांच्यासाठी प्रार्थना मागायला ते एवढ्या लांबून आले होते, त्या माणसांची नावं खिशातल्या चिठ्ठीवरच राहिली. फोटो मात्र रीतसर झाले. स्मृतिचिन्ह मिळालं काचेचं, घड्याळ बसवलेलं. सापुताऱ्याच्या घाटात एसटी वळणं घेत होती, मला मळमळत होतं आणि ते धूड मांडीवरून खाली ठेवायची सोय नव्हती. प्रवासखर्चाचं पप्पांनी चाचरतच विचारलं, तर खजिनदारकाका म्हणाले, "व्हाउचर पाठवा, पुढच्या मीटिंगला घेऊ." व्हाउचर पाठवलं. पुढे काही नाही.

त्याच मंडळीत एक डेंटिस्टबाई होत्या. प्रीतिभोजनात आई एकाच बाजूने चावतेय हे त्यांच्या लक्षात आलं. रविवार असूनही त्यांनी दुपारी दवाखाना उघडला, दाढ काढली, गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी मऊ खिचडीचा डबा पाठवला. आईच्या प्रार्थनेत त्या बाईंचं नाव शेवटपर्यंत असायचं. शाल कुणाच्या हस्ते मिळाली होती, ते तिला दुसऱ्या आठवड्यात सांगता आलं नसतं.

आता तुमचं. प्रवासखर्च पाहुणे पोचल्या पोचल्या पाकिटात घालून द्या, तिकिटं मागू नका. उतरवायचं ते कुणाच्या तरी घरी, चर्चच्या हॉलमध्ये गाद्या टाकून नको. एक संध्याकाळ त्यांना मोकळी सोडा; रोज नव्या घरी जेवायला नेऊन "तिकडे वाघ आहेत का?" हेच विचारू नका. मंडळीत डॉक्टर असतील तर डोळे, दात, रक्त तपासून घ्या, पाड्यावर ते होत नाही. मुलांना काय हवंय ते मुलांनाच विचारा. मला पावसाळी बूट हवे होते, मिळायच्या चित्रं रंगवायच्या वह्या.

हो, एक राहिलं. पाहुणे परदेशी असतील तर आधी व्हिसा बघा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला उपदेशाला उभं करू नका, भारतात त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो. आणि पाहुणे गुजरात-मध्य प्रदेशात काम करणारे असतील तर गावाच्या नावासकट त्यांचे फोटो फेसबुकवर टाकू नका. गुजरातेत धर्मांतराचा कायदा २००३ पासून आहे. लाइक तुम्हाला मिळतात, चौकशीला त्यांना जावं लागतं.

पाकिटाचा विषय काढलात की कमिटीत कुणीतरी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण देईल. आमच्या खजिनदारकाकांनीही दिलं होतं: टिळकांनी तर मिशनचा पगारच सोडला, सेवा अशी असते! सोडला ना, १९१७ मध्ये, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पण काका, टिळकांनी स्वतःचा पगार सोडला होता. दुसऱ्याचं एसटीचं भाडं नव्हे.