शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स: आधी एवढंच करा

मॅडम, लॅबमध्ये लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं म्हणून एका शनिवारी सगळ्या मशीनच्या डिस्क पुसायला घेऊ नका. एकच मशीन निवडा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर निवांत. लाइव्हमध्येच वायफाय, आवाज आणि ऑफिसातला प्रिंटर तपासा. प्रिंटर अडला की क्लार्क भाऊसाहेब तुमच्या विरोधात गेलेच म्हणून समजा!

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ धडे बघा. लिब्रेऑफिसचे (वर्ड-एक्सेलची कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर) धडे मराठीत आहेत, फुकट. धडा थांबवत थांबवत तेच काम शेजारी करायचं, नुसतं बघून काही राहत नाही. इन्स्टॉल करायला माणूस हवा असेल तर सोलापुरात वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या. पोरं येतात, चहा-नाष्ट्याचं तेवढं बघा.

नेहमीच्या चुका:
- बॅकअप न घेता फॉरमॅट. निकालपत्रकं, दाखले कुठल्या मशीनवर आहेत ते आधी विचारा.
- जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसायची पद्धत) नसलेल्या फॉन्टात असतात. तो फॉन्ट नसला की उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात, आणि खापर लिनक्सवर फुटतं. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.
- लहान मुलांना थेट टाइप करायच्या कमांड शिकवणं. पहिली-दुसरीला चित्रं काढायला टक्स पेंट आणि खेळत शिकायला जीकॉम्प्री भरपूर झालं.

सर्व्हर वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. हे एक मशीन दिवाळीपर्यंत वर्गात चालू द्या, बाकीची सुट्टीत.