वय 11, दिसते 17 ची

घणसोलीच्या ताई,

पत्र वाचलं. लेक सहावीत, दहा महिन्यांपूर्वी पाळी आली, आता कपाळभर पिंपल्स, उंचीला जवळजवळ तुमच्याएवढी, संध्याकाळी खाली खेळायला जात नाही आणि पाहुणे आले की बेडरूमचं दार बंद. तुम्ही विचारलंय कुठलं क्रीम लावू.

आधी सासूबाईंना सांगा, हे उष्णतेने नाही झालेलं. सात-आठ वर्षांच्या आसपासच किडनीवरच्या छोट्या ग्रंथी अँड्रोजन बनवायला लागतात, आपण ज्यांना पुरुषी हार्मोन्स म्हणतो तेच, बायकांत पण असतात थोडे, त्याने त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी फुगतात, तेल वाढतं, छिद्रं बुजतात आणि मग फोड. पाळीच्या आधी चार-पाच दिवस अजून वाढतील. या वयात पाळी येणं नॉर्मल आहे, सुरुवातीची दोन वर्षं ती मागेपुढे होते, तेवढ्यासाठी घाबरू नका.

मला खरं खटकलं ते तुम्ही मधेच सहज लिहून गेलात ते, "आता मोठी झालीस, पोरांबरोबर पळापळ बंद असं मीच सांगितलं." अहो ताई! वॉचमन तिला मॅडम म्हणतो, समोरच्या काकू लिफ्टमध्ये विचारतात बारावीला का गं, आणि घरात आई पण तेच. शरीर पुढे पळालंय पण पोरगी 11 चीच आहे हो, तिला अजून डबा ऐसपैस खेळायचंय. त्यात या वयात चार लोक आपल्याला कसं बघतात हे फार लागतं, आपल्याला नव्हतं का लागत? पिंपल्स हे तिला दार लावायला मिळालेलं कारण आहे, असं मला वाटतं.

आता क्रीम. मेडिकलवाल्याने दिलेल्या त्या गोरं करणाऱ्या ट्यूबवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. पहिले पंधरा दिवस चेहरा चकाचक, मग त्वचा पातळ, लाल, तोंडावर लव आणि पिंपल्स दुप्पट. असेल तर ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे जा, एकदम बंद केलं की चेहरा भडकतो कधीकधी, म्हणून त्यांना विचारूनच सोडा. ते देतील त्या औषधाला 8 ते 12 आठवडे लागतात, आठ दिवसांत ओरडू नका. मान काळी पडलीय लिहिलंत, ती घासू नका, मळ नसतो तो बहुतेक, इन्सुलिनचा संबंध असू शकतो, डॉक्टरांना ते पण दाखवा.

उद्या संध्याकाळी तिला काही न बोलता रॅकेट घेऊन तुम्हीच खाली उतरा. बघेल गॅलरीतून. एक-दोन दिवस नाही येणार. वॉचमनला मात्र आजच सांगा, नावाने हाक मार म्हणून.

तुमची मावशी