पंखा तासला आणि शेपूट थरथरू लागली

प्रश्न : माझ्या ग्लो इंजिनच्या मॉडेल हेलिकॉप्टरचं इंजिन फार तापायचं. जास्त वारा मिळावा म्हणून ॲल्युमिनियमच्या कूलिंग पंख्याची पाती मागून कानसीने तासली. आता शेपूट बारीक थरथरते, टाकीत फेस येतो. पंखा टाकून द्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फेसाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. तासल्याने पंख्याची एक बाजू जड झाली असणार, त्याच थरथरीने टाकीत फेस येतो. बुडबुडे आत गेले की इंजिनला इंधन कमी पडतं आणि ते आणखी तापतं. थरथर थांबेपर्यंत उडवू नका.

आधी पाती बघा. एकाच्याही मुळाशी कानसीचा खोल ओरखडा असेल, तर पंखा बदलाच. तिथूनच तडा जातो.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर असतो. माझ्याकडे असे पंखे येतात तेव्हा मी वजनाला हात लावण्याआधी डायल (बारीक हलणं मोजणारं काट्याचं मापक) लावतो. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) काढा, पंखा हाताने सावकाश फिरवा, डायलचं टोक हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, टेकवा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पंखा वाकडा बसलाय. नट सैल करून पंखा पाव फेरा फिरवून पुन्हा कसा, पुन्हा डायल बघा. नट कसताना पिस्टन अडवायला एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टन जातो.

मग बॅलन्स. पंख्याच्या भोकात घट्ट बसणारी सरळ पिन घाला आणि लेव्हलमध्ये ठेवलेल्या दोन ब्लेडच्या धारांवर ती ठेवा. जड बाजू खाली येईल. पात्यांना आता हात लावायचा नाही. त्या बाजूला मागच्या जाड तबकडीत ड्रिलने उथळ खळगा पाडा, आरपार नको. एक खळगा, की लगेच तपासणी. आमच्या मिरजेचे सतारवाले जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर जुळवताना, कानस जरा फिरवतात आणि लगेच तार छेडून ऐकतात, तेवढाच धीर इथे लागतो. कुठल्याही बाजूने ठेवला तरी पंखा तिथेच थांबला पाहिजे.

एवढं कशाला, तर मध्यापासून २५ मिलिमीटरवर फक्त ०.१ ग्रॅम जास्त असेल, तरी मिनिटाला १६,००० फेऱ्यांना ते सुमारे ७०० ग्रॅमच्या वजनाइतकं ओढतं, तेही दर फेऱ्याला सगळ्या दिशांनी.

राहिलं तापणं. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा पंख्याचा नसतोच. पंख्याभोवतीचं कवच आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या फटीतून वारा निसटतो. ती फट बुजवा आणि नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) थोडी उघडून बघा.