वाचलेलं पेपरात का उतरत नाही?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. रोज तीन-चार तास बसते, ओळी रंगवते, धडा तीनदा वाचते. 'सगळं येतं' म्हणते, पण पेपरात निम्मंच उतरतं. काय चुकतंय?

उत्तर : ती खोटं बोलत नाही. तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा झालेला असतो, म्हणून तो येतो असं वाटतं. पेपरात मात्र पुस्तक मिटलेलं असतं आणि आठवून लिहायचा सराव तिने केलेलाच नसतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे.

तेव्हा धडा एकदा समजून वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. प्रकाशसंश्लेषण असेल तर काय लागतं, काय तयार होतं, कुठे घडतं. अडलं की लगेच पान उघडू देऊ नका. मिनिटभर डोकं खाजवणं हाच खरा अभ्यास. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. 'हरितलवक' लाल शाईत आलं, तर उद्या सुरुवात त्याच्यापासून. हाच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर. पहिल्या खेपेला निम्मा कागद लाल होईल आणि ती वैतागेल. बहुतेक जण इथेच कंटाळून परत रंगीत पेनांकडे वळतात (ओळी रंगवायला मजा येते, हेही खरंच).

गणितात सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नये. उत्तर झाकून स्वतः सोडवावं आणि दोन-तीन प्रकरणांतली गणितं मिसळून घ्यावीत. एकाच प्रकारची दहा ओळीने केली, तर कोणती रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं.

प्रश्न : फोन सायलेंटवर, उलटा ठेवतो. तरी लक्ष उडतं.

उत्तर : फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. समोर असला की न बघण्यासाठीही मन थोडं अडकून राहतं. वेळ लावायला साधं घड्याळ घ्या. टायमरसाठी उचललेला फोन लवकर खाली जात नाही. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठून फिरणं, एवढ्याने सुरुवात करा. मध्येच काही आठवलं तर शेजारच्या चिठ्ठीवर टिपा आणि पुढे चला. टेबलावर चालू विषयाचंच पुस्तक असावं. दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.