वाचकांचे प्रश्न : संकरित जातीत वैविध्य किती उरते?

प्रश्न : माझा पुतण्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये असतो. तेथील कोरड्या, उष्ण मुलखात मांसासाठी पाळलेली लाल रंगाची, लहान वशिंडाची जनावरे त्याने पाहिली, आणि 'यांच्यात तुमच्या कृष्णाकाठचेही रक्त आहे' असे एका पशुपालकाने त्याला सांगितले. हे खरे असू शकते का? शिवाय संकराची पहिली पिढी दणकट निघते व पुढे तो जोम उतरतो, असे आपल्याकडे म्हणतात. मग अशा संकरातून कायमची जात घडवली, तर तिच्यातील आनुवंशिक वैविध्य टिकते की आटत जाते?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पशुपालकाचे म्हणणे खरे असू शकते, मात्र ते रक्त तेथे फार वळसा घेऊन पोहोचलेले आहे. वर्णनावरून ती जनावरे 'ड्रॉटमास्टर' जातीची असावीत. उत्तर क्वीन्सलँडमध्ये शॉर्टहॉर्न ही ब्रिटिश जात आणि ब्राह्मण जातीचे वळू यांच्या संकरातून ही जात घडली, आणि त्यासाठी लागलेली ब्राह्मण जनावरे १९३३ साली अमेरिकेतून आणली गेली होती. अमेरिकेतील ही ब्राह्मण जात कांकरेज, ओंगोल, गीर आणि काही प्रमाणात कृष्णाकाठची जनावरे यांच्या मिश्रणातून तयार झाली. गंमत अशी की आपली कृष्णाकाठची जात स्वतःच संकरित आहे : काळ्या, चिकट जमिनीत नांगर ओढू शकतील असे बैल मिळावेत म्हणून दक्षिण मराठा मुलखातील संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गीर, ओंगोल व कांकरेज यांचा स्थानिक म्हैसुरी जनावरांशी संकर घडवून आणला होता.

अमेरिकेत नेलेल्या वशिंडाच्या जनावरांची एकूण संख्या तीनशेपेक्षाही कमी होती आणि त्यांत बहुतेक वळूच होते. गायी फारशा गेल्याच नाहीत, त्यामुळे तेथील युरोपीय वंशाच्या गायींवर पिढ्यानपिढ्या हेच वळू वापरून ब्राह्मण जात वाढवण्यात आली. परिणामी आजच्या अमेरिकन ब्राह्मण गायीचे रूप भारतीय असले, तरी केवळ आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा) वारसा तपासला, तर तो बहुधा युरोपीय निघतो.

आता जोमाविषयी. वशिंडाची आणि बिनवशिंडाची गुरे माणसाने वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवली, आणि त्यांचे रानटी पूर्वजही लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले होते. म्हणूनच या दोन वंशांच्या पहिल्या पिढीत संकरजोम ठळकपणे दिसतो, कारण प्रत्येक जनुकस्थानी एक प्रत भारतीय वंशाची व एक युरोपीय वंशाची असते. या पिढीतील नर-मादी आपसांत फळवले की पुढच्या पिढीत अशी मिश्र स्थाने निम्मी उरतात. त्यापुढे मात्र कळप मोठा असेल आणि नात्यातली पैदास टाळली, तर हे प्रमाण तिथेच स्थिर राहते. तात्पर्य, जोम एकदाच उतरतो, दर पिढीला उतरत नाही. आपल्याकडच्या समजुतीत हा भेद सहसा हरवतो.

मांसाच्या अनेक संकरित जातींमध्ये तीन अष्टमांश वंश झेबूचा, म्हणजे वशिंडाच्या गुरांचा, आणि पाच अष्टमांश युरोपीय, असे प्रमाण ठरवलेले असते. झेबूचा अंश वाढला की उष्णता व गोचीड यांना तोंड देण्याची ताकद वाढते, पण कालवड उशिरा माजावर येते आणि मांस तुलनेने चिवट होते, म्हणून हा मध्यम मार्ग पत्करला गेला. या प्रमाणाचा स्थिर कळप पहिल्या पिढीतील मिश्रतेच्या सुमारे ४७ टक्के मिश्रता राखतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' ही दुधाची जात निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी व पाव गीर आहे. ती आपसांत फळवत ठेवली, तर हाच हिशेब ६२.५ टक्क्यांवर येतो. त्यातील २५ टक्के मिश्रता मात्र होल्स्टीन आणि जर्सी या दोन जवळच्या भावकीची असल्यामुळे तिचा जोमाला उपयोग कमी. महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी असल्याने मांसासाठीची पैदास हा येथील प्रश्न नाही, पण हे गणित दुधाच्या गायीलाही तसेच लागू आहे.

वैविध्य आटते ते वेगळ्याच कारणाने. टेक्सासमधील किंग रँचवर 'सांता गर्ट्रुडिस' ही जात ब्राह्मण व शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून घडली, आणि १९२० साली जन्मलेला 'मंकी' नावाचा एक वळू तिचा मूळपुरुष मानला जातो. पन्नास जनावरांच्या कळपात एकाच पिढीसाठी एकच वळू वापरला, तर निकटसंबंधांमुळे त्या पिढीत सुमारे साडेबारा टक्के वैविध्य घटू शकते. चार वळू वापरले, तर ती घट तीन टक्क्यांच्या आसपास येते. गायींची संख्या कितीही वाढवली तरी वळू मोजकेच असतील, तर हा तोटा भरून निघत नाही. म्हणून चार जातींची नावे लागलेली संकरित जात प्रत्यक्षात एका कुटुंबाइतकी अरुंद असू शकते, याचे मला नेहमीच नवल वाटते.

दुसरे असे की तीन अष्टमांश ही केवळ सरासरी आहे. कळपातील प्रत्येक जनावरात भारतीय तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि निवड त्यांतले काही उचलते, काही टाकते. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा यांनी मारा संशोधन केंद्रात १९३७ पासून आफ्रिकॅनर, हेरफर्ड व शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून 'बोन्समारा' जात घडवताना कागदावरच्या वंशावळीपेक्षा जनावराचे उन्हातले शरीरतापमान आणि वाढ यांची मोजमापे महत्त्वाची मानली. गोचिडांविरुद्धची प्रतिकारशक्ती तर अनेक लहान परिणामांच्या जनुकांनी ठरते, त्यामुळे अंगावरील गोचिडे मोजणे हीच तिची विश्वसनीय चाचणी. याउलट कॅरिबियनमधील सेनेपोल गुरांची आखूड, चकचकीत केसांची कातडी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकाच्या जनुकातील एकाच अक्षराच्या लोपामुळे येते. ते लक्षण प्रभावी असल्याने एका पिढीत कळपात आणता येते. वैविध्याची किंमत मोठी असते ती पहिल्या प्रकारच्या गुणांसाठी.

शेवटी मोजणीतील एक मेख. जनावरांचा डीएनए तपासण्याच्या सुरुवातीच्या, सुमारे पन्नास हजार जनुकस्थाने एकदम वाचणाऱ्या चिपमध्ये निवडलेली स्थाने बहुतेक युरोपीय जातींत आढळलेली होती. त्यामुळे तिच्यावर झेबूचे वैविध्य कमी दिसते. संपूर्ण जनुकक्रम पाहिला, की भारतीय वंशाच्या गुरांत वैविध्य युरोपीय गुरांपेक्षा अधिक निघते. आपल्या पुतण्याला तेथील पशुपालकाकडून कळपाची खरी माहिती हवी असेल, तर रक्त कोणत्या जातीचे हे विचारण्याऐवजी दर वर्षी किती वळू वापरले जातात आणि ते एकमेकांचे कोण लागतात, हे त्याने विचारावे.