ग्रुपमध्ये पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला १७८, एकटीने पळताना १४५. घड्याळ बदलू की डॉक्टरांकडे जाऊ?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी पहाटे नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या बागेपाशी ग्रुप जमतो, तुम्ही पाम बीच रोडने पळता आणि घड्याळ १७५ ते १८० ठोके दाखवतं. मधल्या वारी सोसायटीभोवती त्याच वेगाने एकटीने पळता, तेव्हा १४५च्या आसपास. ठोके मोजणारा छातीचा पट्टा नवा आहे आणि तो घड्याळाला पहिल्यांदा जोडला तो रविवारीच, सगळे निघायच्या पाच मिनिटं आधी. आणि एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, की रविवारी मैत्रिणीशी गप्पा मारत पळता म्हणून वेळ कळत नाही.

मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एरवी ज्या वेगाला तुमचे ठोके १४५ असतात, त्याच वेगाला १७८ वर जाऊन तासभर पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येत नाहीत. त्या पातळीला बहुतेकांच्या तोंडून दोन-तीन शब्दांपुढे काही निघत नाही. म्हणून माझा अंदाज असा की १७८ हे तुमचे ठोके नव्हेतच. तुमचं घड्याळ शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी पट्ट्याला जोडलं गेलंय.

मात्र पळताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, थांबल्यावरही बराच वेळ धडधड शांत होत नसेल, तर घड्याळाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

तुम्हाला वाटतंय की एकटीने पळताना पट्टा नीट चालतो आणि ग्रुपमध्ये बिघडतो. मला उलटं वाटतं. एकटीने पळताना तुमचा पट्टा घड्याळाला जोडलेला नसणारच. घड्याळ ज्या पट्ट्याला ओळखतं तो तिथे नसतो, म्हणून ते मनगटाखालच्या हिरव्या दिव्याने ठोके मोजतं आणि १४५ दाखवतं. रविवारी तो ओळखीचा पट्टा जवळ येतो, घड्याळ आनंदाने त्याला धरतं आणि त्या माणसाचे ठोके तुमच्या मनगटावर येतात. एकटीने पळताना पडद्यावर पट्टा जोडल्याची खूण दिसते का, ते एकदा बघा. दिसत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो कारण माझ्या बाबतीत हे उलट्या दिशेने झालं. मी ठाण्याचा, वय ५४. रक्तदाब निघाल्यावर डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली, पण १४०च्या वर जायचं नाही या अटीवर. एका रविवारी उपवनला पट्ट्याचा सेल बदलला आणि सगळ्या ग्रुपच्या मधोमध उभा राहून पट्टा पुन्हा जोडला. पुढच्या रविवारी येऊरचा चढ चढताना घड्याळ ११८ दाखवत होतं. मला दम लागत होता, पण आकडा म्हणत होता की अजून पुष्कळ वाव आहे, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवून वेग वाढवला. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्यावर बसलो. सोबतच्या एकाने मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजलं : ३९. म्हणजे मिनिटाला १५६, तेसुद्धा बसल्यावर. घड्याळ तेव्हाही ११८ म्हणत होतं. ते ठोके आमच्यातल्या एका तरुण मुलाचे होते, ज्याला तो चढ म्हणजे फेरफटका. घरी येऊन पट्ट्याच्या पाठीवरचा क्रमांक घड्याळातल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. म्हणून सांगतो, जास्तीचा खोटा आकडा माणसाला घाबरवतो, तुमचं तसं झालंय. कमी दाखवणारा खोटा आकडा जास्त धोक्याचा. ज्यांना डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली आहे त्यांनी तर हे फार जपायला हवं.

आता हे होतं कसं. घड्याळाशी पट्टे दोन बिनतारी भाषांत बोलतात, अँट प्लस आणि ब्लूटूथ. बरेचसे पट्टे दोन्ही बोलतात. अँट प्लसवाला पट्टा रेडिओ केंद्रासारखा आहे. २४५७ मेगाहर्ट्झवर तो सेकंदाला साधारण चार वेळा आपला आकडा हवेत सोडतो, आणि आसपासचं कुठलंही घड्याळ तो ऐकू शकतं. ऐकायला परवानगी लागत नाही, आणि पट्ट्याच्या मालकाला कळतही नाही. प्रत्येक पट्ट्याला एक क्रमांक असतो, जुन्या पद्धतीत १ ते ६५५३५ मधला. घड्याळ एरवी फक्त लक्षात ठेवलेल्या क्रमांकाचंच ऐकतं. पण पहिल्यांदा जोडताना त्याच्याकडे क्रमांकच नसतो. तेव्हा ते शून्य क्रमांक धरून शोधतं, आणि या भाषेत शून्याचा अर्थ ‘जो कोणी सापडेल तो’. जो आधी सापडला त्याचा क्रमांक ते कायमचा लिहून ठेवतं.

आणि तुमचाच पट्टा आधी का सापडला नाही? पट्टा कातडीला लागून ओल मिळाली की जागा होतो. पहाटे कोरडा पट्टा घातला की घाम येईपर्यंत तो बऱ्याचदा झोपलेलाच असतो. शेजारचा माणूस तोवर दहा मिनिटं अंग गरम करून घामाघूम झालेला. घड्याळाला सापडला तो त्याचाच.

ब्लूटूथची तऱ्हा वेगळी. तिथे पट्टा आणि घड्याळ एकमेकांचा हात धरतात, आणि पट्ट्याला हात मोजकेच : काहींना एक, काहींना दोन. परक्या घड्याळाने तो हात धरला की खऱ्या मालकाला आपलाच पट्टा मिळेनासा होतो.

हा त्रास तसा जुना आहे. पोलर या फिनलंडच्या कंपनीने १९८२ साली मनगटावर ठोके दाखवणारं पहिलं बिनतारी यंत्र आणलं. पुढे वर्षानुवर्षं पट्टे ५ किलोहर्ट्झवर चालायचे आणि त्यांना ओळख म्हणून काही नसायची. दोघं खांद्याला खांदा लावून पळू लागले की आकडे वेडेवाकडे व्हायचे. क्रमांक आल्यावर ते थांबलं. आता सगळा घोळ जोडायच्या त्या एका मिनिटात होतो.

एक दुसरी शक्यताही तपासून घ्या. मनगटावरून मोजणारं घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांचा ठेका पकडतं. पळताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, म्हणजे तुमच्या १७८च्या अगदी जवळ. ओळखायचं असं : थांबा आणि एक मिनिट उभ्या राहा. पावलांचा ठेका असेल तर तुम्ही थांबताच तो आकडाही मोडतो. तुमचे खरे ठोके असतील तर ते हळूहळू उतरत जातील. परका पट्टा असेल तर तुम्ही उभ्या, पण तो माणूस पळतोय, म्हणून १७८ तसाच राहील, आणि तो लांब गेला की आकड्याच्या जागी एकदम रेघा येतील. त्या वेळी मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. बोटं परक्याचे ठोके मोजत नाहीत.

दुरुस्ती घरी करा, ग्रुपमध्ये अजिबात नको. घड्याळाच्या यादीत जेवढे पट्टे दिसतात तेवढे सगळे काढून टाका. दोनतीन अनोळखी नावं तिथे सापडली तर नवल वाटून घेऊ नका. पट्टा आतून पाण्याने नीट ओला करा, घट्ट घाला, दोन मिनिटं थांबा आणि मग शोधायला लावा. घड्याळांच्या पुस्तिकांत सांगितलेलं असतं की जोडताना आपला पट्टा ३ मीटरच्या आत असावा आणि इतरांचे १० मीटर लांब. ज्वेलच्या गर्दीत ते दहा मीटर मिळणार नाहीत. जोडल्यावर क्रमांक ताडून पाहा. पट्ट्याच्या पाठीवर छापलेला असतो किंवा पट्ट्याला अडकवलेल्या सेन्सरच्या डबीवर. मग त्याला घड्याळात स्वतःच्या नावाने साठवा. नंतर रविवारी ‘नवीन सेन्सर सापडला, जोडू का?’ असं विचारलं की नाही म्हणा. धांदलीत बोट होकारावर पडतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

ग्रुपमध्ये कोणीच पट्टा घालत नाही असं वाटत असेल, तरी कोणाचं घड्याळ स्वतःच ठोके बाहेर पाठवत असेल. बऱ्याच घड्याळांत तशी सोय असते. सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलला आकडा दिसावा म्हणून ती चालू करतात आणि बंद करायला विसरतात.

पावसाळ्यातली एक सवय यातच सांगतो. पळून झाल्यावर पट्ट्याची डबी काढून वेगळी ठेवा. ओल्या पट्ट्याला लागलेली राहिली तर पिशवीतसुद्धा ती जागी राहते, सेल संपवते, आणि तिच्याकडून एखाद्या नव्या माणसाचं घड्याळ भलतेच ठोके उचलू शकतं.

आधीच्या रविवारांचं काय, हेही बघायला हवं. अनेक घड्याळं पळताना दिसलेला सर्वांत मोठा आकडा आपोआप तुमची कमाल म्हणून लिहून घेतात. त्यावरून ठोक्यांचे पाच टप्पे ठरतात, ऑक्सिजन क्षमतेचा अंदाज ठरतो, उद्या किती विश्रांती घ्यावी तेही ठरतं. म्हणजे कोणा दुसऱ्याच्या हृदयावरून तुमचा सराव आखला जातोय. सेटिंगमध्ये जाऊन कमाल ठोके हाताने पूर्वीसारखे करा आणि ते आपोआप बदलण्याची सोय काही आठवडे बंद ठेवा. चुकीच्या नोंदी काढून टाकायला मन होत नाही, अंतर आणि वेळ आपलीच असते. मी माझ्या ठेवल्या, फक्त नावात ‘ठोके माझे नाहीत’ असं लिहिलं.

येत्या रविवारी ज्वेलपाशी एक विचारून बघा. त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण उभं होतं? त्यांचा पट्टा हल्ली रविवारी अधूनमधून जोडलाच जात नाही, असं ते म्हणाले, तर त्यांच्या पट्ट्याचा ब्लूटूथचा हात तुमच्या घड्याळाने धरलेला असणार; त्यांना नवा पट्टा घेऊ देऊ नका. तुमच्या घड्याळातून त्यांचा क्रमांक काढला की त्यांचाही चालू होईल.